चौबळबाईंचा पांढरा दोरा

चौबळबाई झाडांशी बोलत नसत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणाचाही तसा समज होईल. झाडांशी बोलणाऱ्या बायका आमच्या अंबरनाथ पश्चिमेला पुष्कळ होत्या. तुळशीशी बोलत, जास्वंदीशी बोलत, आमच्या खालच्या मजल्यावरची एक तर कढीपत्त्याच्या रोपाला सुनेची गाऱ्हाणी सांगायची. चौबळबाई नुसत्या बघत. मान जराशी वाकडी करून, समोरचा खोटं बोलतोय अशी शंका आल्यावर आपण बघतो, तसं. आणि ज्या झाडाकडे त्यांनी जरा जास्त वेळ बघितलं, त्याचं पुढे काही बरं झाल्याचं निदान मला तरी आठवत नाही.

उल्हासनगरातल्या आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि मी पदार्थविज्ञान. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, एवढाच आमच्या मैत्रीचा पाया. बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, बुटक्या, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा घालणाऱ्या. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. डब्यात रोज मासे. चतुर्थी असो, एकादशी असो, बोंबील हजर. प्राचार्य शेजारून जाताना नाक मुरडत, तेव्हा बाई डबा हळूच त्यांच्या बाजूला सरकवत. वर्गात मात्र फार कडक. एखाद्या मुलाने झाड ‘वाळलं’ असं लिहिलं तर तो शब्द खोडत आणि विचारत, ‘वाळलं ते नंतर. आधी काय झालं?’ उत्तर त्यांच्या लेखी एकच होतं. आधी तहान लागली.

कॉलेजच्या आवारात सायकल स्टँडवर सावली धरणारा एक मोठा शिरीष होता. एप्रिलच्या एका दुपारी बाईंनी मला माझी स्कूटर त्याच्याखालून काढायला सांगितली. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, त्याला तहान लागलीय. वर बघितलं तर झाड हिरवंगार, पाखरांनी गजबजलेलं. मी हसलो आणि स्कूटर काढली. शास्त्राचा माणूस मी कॉलेजात असतो. मूळचा कोकणातला आहे. पुढे पंधरवड्यात, वाऱ्याची झुळूकही नसताना, त्या शिरीषाची मांडीएवढी जाड फांदी कडाड करून खाली आली आणि आमच्या हेडक्लार्कच्या सायकलीची पार घडी झाली. फांदीवरची पानं तेव्हाही हिरवीच होती. तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं तेव्हा बाईंनी जे उत्तर दिलं, ते मी त्यांच्या तोंडून पुढे शंभरदा ऐकलं. ‘डोळ्याला सगळ्यात शेवटी कळतं, सर.’

आधी कुणाला कळतं, हे त्यांनी मला त्यांच्या घरी दाखवलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. उपग्रहाने टिपलेल्या जमिनीच्या चित्रांची प्रिंट अर्ज-विनंत्या करून मिळू लागली होती, आणि बाईंनी बारवी धरणाच्या पलीकडच्या जंगलाची चित्रं मागवली होती. पुठ्ठ्याच्या लांब नळकांड्यांतून ती येत. त्यांच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये पंचांगाच्या जागी ही चित्रं टाचलेली होती, आणि ती सगळी लाल होती. साधा लाल नव्हे, ओला लाल. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला सोललेल्या बकऱ्याची आठवण झाली. दूधवाल्याने तर एकदा दारातूनच विचारलं होतं की हा कुणाच्या पोटाचा एक्सरे आहे, आणि त्यानंतर तो पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवून जायला लागला.

त्यामागचं शास्त्र सोपं आहे. डोळ्याला न दिसणारा एक उजेड असतो. धडधाकट पान तो उजेड जोरात परत फेकतं, आणि आपल्याला दिसावा म्हणून चित्रात त्याला लाल रंग देतात. म्हणजे चित्रातलं लाल ते जिवंत. झाडाचं पाणी तुटलं की हा उजेड आधी मंदावतो, पान हिरवं असतानाच, आणि चित्रातलं लाल विझत विझत मातकट होतं. हे सगळं मी वर्गात फळ्यावर शिकवू शकतो. पण बाईंच्या घरी, ट्यूबलाइटच्या उजेडात, त्या भिंतीसमोर चहा पिताना मला कधी बरं वाटलं नाही. आपल्या ओळखीचा डोंगर कातडी काढून समोर टांगलाय असं वाटायचं.

नुसत्या चित्रावर बाईंचा भरवसा नव्हता. वरून जे दिसतं ते खाली जाऊन तपासलंच पाहिजे, असा त्यांचा नेम होता. त्यासाठी एक यंत्र लागतं. ताजं तोडलेलं पान जाड नळीत बंद करायचं, देठ तेवढा बाहेर ठेवायचा, आणि आत गॅसचा दाब वाढवत न्यायचा. देठाच्या तोंडाशी पाण्याचा थेंब आला की थांबायचं. जितका जास्त दाब द्यावा लागेल तितकं झाड तहानलेलं. परदेशी यंत्राची किंमत ऐकून कॉलेजने हात वर केले. मग बाई त्याचं चित्र घेऊन कॅम्प दोन या वस्तीतल्या झामनदास नावाच्या लेथवाल्याकडे गेल्या. आमच्या उल्हासनगरात कशाचीही नक्कल होते, मग ते शाम्पू असो की शिलाई मशीन. झामनदासने चित्र उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, ‘मॅडम, ओरिजिनल से मजबूत बनेगा. स्टिकर कौनसे देश का लगाऊँ?’ यंत्र खरोखरच मजबूत झालं. बाईंनी स्टिकर मात्र लावू दिला नाही.

असा हा संसार स्कूटरवर घेऊन आम्ही बदलापूरच्या पुढे जायचो. पायाशी गॅसचं छोटं सिलिंडर, मागच्या सीटवर बाई, बाईंच्या मांडीवर यंत्र. माझ्या बायकोने एकदा आम्हाला असं निघताना बघितलं आणि तिला जो काही संशय येणं शक्य होतं तो कायमचा मिटला. जंगलात गेल्यावर बाई पाणी पीत नसत. बाटली जवळ असायची, ऊन मी म्हणायचं, तरी परत रस्त्याला लागेपर्यंत घोटसुद्धा नाही. ज्याची तहान मोजायला आलो त्याच्यासमोर पिऊ नये, असं त्या म्हणत. मग मलाही पिता यायचं नाही, आणि मी मनातल्या मनात चरफडायचो.

डोंगराच्या कुशीत एक ठाकरवाडी होती आणि वाडीच्या वरच्या अंगाला वाघोबाची राई. देवाचं रान. तिथली काटकीसुद्धा कुणी तोडत नसे. भोवतालचं जंगल फाल्गुनात बोडकं व्हायचं, तरी राई हिरवी असायची. तिच्या मुळाशी खडकात एक झरा होता आणि वाडीला पिण्याचं पाणी तेवढंच. बाईंच्या चित्रात ही राई म्हणजे चारपाच ठिपके. आधीच्या वर्षी ते रक्तासारखे लाल होते. त्या वर्षी ते मातकट पडले होते. उलट राईच्या वर, डोंगराच्या सपाटीवर, भर उन्हाळ्यात लालभडक नवे चौकोन उमटले होते. मुंबईच्या कुणा शेठने तिथे प्लॉट पाडले होते, बंगले उठत होते आणि त्यांच्या हिरवळीसाठी बोअर मारले होते. चित्रात राई विझत होती आणि चौकोन पेटत होते. खालचं पाणी वर ओढलं जातंय आणि आज ना उद्या झरा जाणार, हे बाईंनी त्या चार ठिपक्यांवरून सांगितलं. चार ठिपक्यांवर एवढा भरवसा ठेवू नका, असं मी म्हणालो. म्हणून आम्ही पानं मोजायला गेलो.

राईचा भगत गोमा. वय सांगता येणार नाही असा, वाळक्या अंगाचा, हळू बोलणारा. पान तोडायचं म्हणजे देवाला विचारायला हवं. त्याने तांदळाचे दोन दाणे ओले करून वाघोबाच्या शेंदरी दगडाला दोन बाजूंना चिकटवले आणि आम्ही सगळे उकिडवे बसून राहिलो. उजवा दाणा पडला. कौल मिळाला, पण अटीवर. एका झाडाचं एकच पान घ्यायचं, आणि घेतलं त्या झाडाला कच्च्या सुताचा पांढरा दोरा बांधायचा, म्हणजे देवाला कळेल. बाईंनी अट लगेच मानली. त्यांनाही खूण हवीच होती.

पानं पहाटे घ्यायची, कारण रात्रभर पिऊन झाड तेव्हा ताजंतवानं असतं. देठ बाहेर ठेवून मी दाब वाढवत गेलो. काटा चढत राहिला. पान हिरवंगार, कोवळं वाटावं असं, आणि देठाशी थेंब येईना. झामनदासची नळी फुटेल या भीतीने मी थांबलो. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की राईत आवाजच नव्हता. पाखरू नाही, किडा नाही. वारा होता, पानं हलत होती, पण सळसळ म्हणून नव्हती. मी बाईंना तसं म्हणालो. मलूल पानं वाजत नाहीत, असं त्यांनी सांगितलं आणि पुढच्या झाडाला दोरा बांधायला गेल्या. खाली झऱ्यावर बायका हंडे भरत होत्या, हंड्यांचा आवाज स्पष्ट येत होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

बाई तहसील कचेरीत गेल्या. तिथल्या साहेबांनी राईचा साधा फोटो बघितला आणि एवढ्या हिरव्या रानात तुम्हाला टंचाई कुठे दिसते, असं हसून विचारलं. शेठच्या माणसाने, बोअर आमच्या जागेत आहेत, एवढं सांगून फाटक लावलं. मग बाईंनी ते लाल चित्र वाडीवर नेलं आणि गोमाच्या अंगणात पसरलं. सगळी वाडी जमली. गोमाची सून सखू पोटुशी होती. ती सगळ्यात आधी मागे सरकली.

‘ह्ये रगत कुनाचं?’ तिने विचारलं.

‘रक्त नाही ग. झाडं आहेत. जिवंत झाड वरून असं दिसतं.’

‘मंग आमची राई काळी कशापायी?’

बाईंनी समजावून सांगितलं. झरा जाईल, त्याच्या आत दुसरी सोय करा, म्हणाल्या. गोमा एकदा कागदाकडे आणि एकदा वरच्या हिरव्या राईकडे बघत होता. वरून कोण बघतं आम्हाला, असं त्याने विचारलं. यंत्र बघतं, बाई म्हणाल्या. गोमाने बराच विचार केला. ‘त्याला आमची तहान दिसती, तं त्यो पानी का देत नाय?’ आम्ही कागद गुंडाळला आणि निघालो.

अशी दोन-तीन वर्षं गेली. दर उन्हाळ्यात चित्र यायचं, दर उन्हाळ्यात बाई वाडीवर जाऊन तेच सांगायच्या, आणि दर उन्हाळ्यात झरा भरलेला असायचा. त्यानंतरच्या दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा राईच्या तोंडाशीच माणसं उभी होती. पुरुषांच्या हातात कोयते होते. सखू मूल कडेवर घेऊन मागे होती. आम्हाला बघून तिने मुलाच्या तोंडावर पदर ओढला. वर बघितल्यावर मला कारण कळलं. चांगला पाऊस होऊन गेला होता, भोवती सगळं हिरवं होतं, आणि त्या हिरव्यात काही झाडं शेंड्यापासून बुंध्यापर्यंत वाळून खडखडीत झाली होती. प्रत्येकाच्या बुंध्याला पांढरा दोरा होता. ज्याला दोरा नव्हता असं एकही झाड मेलं नव्हतं.

कारण उघड होतं. चित्रात सगळ्यात मातकट दिसलेल्या कोपऱ्यातली झाडंच आम्ही मोजायला निवडली होती. मरणारी होती म्हणून त्यांना दोरा पडला होता. हे शहाण्या माणसाला एका वाक्यात पटेल. मी ते वाक्य बोलायला तोंड उघडलं, पण बाईंनी हात आडवा केला. गोमा म्हणाला की देवाला विचारलं, कौल डावा पडला, तुमचा हात वाईट आहे, आता येऊ नका. तो रागावून बोलला नाही. त्याला वाईट वाटत होतं असं मला वाटलं.

‘गोमादादा,’ बाई म्हणाल्या, ‘मी दोरा बांधला तेच झाड गेलं. खरं ना?’

‘खरं.’

‘सगळ्यांना पटलंय?’

बाई सरळ झऱ्याकडे चालत गेल्या. पिशवीतून सुताची गुंडी काढली, झऱ्याच्या तोंडाशी वर आलेल्या खडकाला दोरा गुंडाळला आणि गाठ मारली. मागे वाडीतली एक बाई ओरडली.

‘आता हाही जाईल,’ बाई म्हणाल्या. ‘उन्हाळा संपायच्या आत. खाली ओढ्याकाठी उंबर आहे, तिथे मी कधी गेलेली नाही. तिथे माझा हात लागलेला नाही. खणायचं असेल तर तिथे खणा.’

कुणीतरी ढेकूळ मारलं, ते बाईंच्या पाठीत बसलं. आम्ही खाली उतरलो. बदलापुरात स्टेशनबाहेर आम्ही चहा घेतला. मी खूप बोललो. शास्त्राचं वाटोळं केलंत, म्हणालो. जन्मभर चेटकीण म्हणतील, म्हणालो. बाईंनी ऐकून घेतलं. उंबराजवळचा ठिपका दर मे महिन्यात लाल असतो, तिथे पाणी आहे, एवढं त्यांनी मला समजावलं. खरं सांगून कुणी ऐकलं नाही, आता निदान भीतीने तरी खणतील, असं त्यांचं म्हणणं. आणि झरा आटलाच नाही तर, असं मी विचारलं. ‘तर मी खोटी ठरेन. त्यापरतं चांगलं काय?’ त्यांच्या हिशेबाने झरा वैशाखापर्यंत टिकायला हवा होता.

वाडीच्या शाळेचे गुरुजी आमच्या प्राचार्यांच्या ओळखीचे होते. संक्रांतीनंतर ते कॉलेजात आले आणि सहज सांगू लागले. दोरा बांधला त्याच आठवड्यात वाडीने उंबराजवळ कुदळ मारली होती. आबालवृद्ध खणत होते. दोरा सोडायला मात्र कुणी हात लावला नाही. पौषात विहिरीला पाणी लागलं आणि त्याच सुमाराला झरा गेला. हळूहळू कमी झाला नाही. सकाळी बायका गेल्या तेव्हा खडक कोरडा होता आणि दोरा तसाच होता. प्राचार्य म्हणाले, वा, म्हणजे वाडी वाचली. बाईंनी विचारलं, ‘पौषात?’ गुरुजी हो म्हणाले. थोड्या वेळाने बाईंनी पुन्हा तेच विचारलं.

मी त्यांना सांगितलं की दिवाळीनंतर वर आणखी बोअर पडले असतील, हिशेब इकडचा तिकडे व्हायचाच. तसंच असेल, त्या म्हणाल्या. मलाही तेच कारण पटतं, आजही पटतं. पण त्या दिवसापासून बाई बदलल्या. गॅलरीतली तुळस त्यांनी शेजारी देऊन टाकली. प्रात्यक्षिकाला मुलांनी पानं कापायची आणि बाईंनी लांबून पेन्सिलीने दाखवायचं, असं सुरू झालं. भाजीवालीकडे कोथिंबिरीची जुडी त्या मला उचलायला लावत. मी एकदा थट्टा केली, बाई, आता माझ्या डोक्यावर हात ठेवू नका, आधीच टक्कल पडतंय. पूर्वीच्या बाईंनी मला चांगलं सुनावलं असतं. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग दोन्ही हात त्यांनी टेबलाखाली घेतले. आपल्याच हाताने झरा गेला असं त्यांना वाटतंय का, ते मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनी ‘हो’ म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, हेही मला माहीत नाही.

नव्वदचं दशक अर्धं उलटल्यावर बाई निवृत्त झाल्या आणि बहिणीकडे अलिबागला जायला निघाल्या. जायच्या आधी बदलापूरच्या बाजारात सुकी मासळी घ्यायची म्हणाल्या, म्हणून मी बरोबर गेलो. श्रावण होता. ठाकरणी रानभाज्या घेऊन बसल्या होत्या आणि त्यांत सखू होती, करटुल्यांचे वाटे मांडून. तिने आम्हाला ओळखलं. तिने पदर सोडून सगळ्या वाट्यांवर घातला. बाई तिथेच थांबल्या, पुढे गेल्या नाहीत.

‘विहिरीला पाणी आहे का, तेवढं विचारा,’ त्या मला म्हणाल्या.

मी विचारलं. सखूने उत्तर मला दिलं, बाईंकडे बघितलं नाही.

‘हाय. चैतातपन हाय. तिला सांगा, तिकडं येव नको.’

सांगायची गरज नव्हती. बाईंनी ऐकलं होतं. त्यांनी मान हलवली आणि त्यांचा चेहरा मला खूप वर्षांनी मोकळा दिसला. तेवढ्यात सखूच्या मागून तिची मुलगी धावत आली. चिखलातून, भाज्यांमधून, माणसांच्या पायांतून ती सरळ आली आणि लहान मुलं कुणालाही धरतात तशी तिने बाईंच्या निऱ्यांना मिठी मारली. सखू किंचाळून उठली. बाईंनी दोन्ही हात झटकन खांद्यांच्या वर नेले. मुलगी वर बघून हसत होती. भर बाजारात, हात वर धरून, श्वास रोखून बाई तशाच उभ्या राहिल्या, सखू येऊन तिला ओढून नेईपर्यंत.